पदवीपुरता आक्षेप

काजूचा हंगाम सुरू झाला हे मला दरवर्षी नाकाने कळतं. शेडच्या मागच्या उतारावर काजूची फळं, म्हणजे बोंडू, पडून आंबायला लागले की गोडसर, किंचित झिंग आणणारा वास खाली उतरतो. त्या वासावर आधी माश्या येतात, मग गाई येतात आणि त्यांच्या मागोमाग बी विकायला माणसं येतात. दुपारी मालवणच्या बाजूने खारा वारा सुटला की वास थोडा पांगतो. संध्याकाळी पुन्हा जागेवर.

यंदाही तो आला. पंधरवड्यापूर्वी एका सकाळी शेडचं कुलूप काढताना आला आणि मी दारातच उभी राहिले. उभं राहण्याची मला सवय नाही. बॉयलर पेटवायचा असतो, वाफवायची बी कुकरमध्ये भरायची असते, बायका यायच्या आत कटर पुसून ठेवायचे असतात. पण दोन वर्षांपूर्वीच्या हंगामापासून या वासाला एक जास्तीची गोष्ट चिकटली आहे, आणि बोंडूचा डाग कपड्यावरून कधी जात नाही. त्या हंगामात माझ्या मुलीची पदवी आमच्या शेडमध्ये अडकली होती.

कुडाळहून मालवणला जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. हे कुडाळला हायस्कुलात शिकवतात. शेड माझी. काजूची बी विकत घ्यायची, वाळवायची, वाफवायची, फोडायची, सोलायची आणि गर निवडून डब्यात भरायचे, असं आमचं काम. मी बी.कॉम. झालेली आहे. माझ्या वेळी पदवी मिळवायची अट एकच होती: परीक्षेला बसायचं आणि पास व्हायचं. त्यात काय शिकलो हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगायला गेले नाही.

सिद्धी बारावीनंतर पुण्याला गेली आणि तिने ग्लोबल स्टडीज घेतलं. जागतिक अभ्यास. गावात हे सांगताना मलाच धड सांगता येईना. इंजिनीअर म्हटलं की लोक मान हलवतात, नर्सिंग म्हटलं की लग्नाचं विचारतात. ग्लोबल स्टडीज म्हटलं की नुसते बघत राहतात. आमच्या शेडमध्ये सुलू म्हणून आहे, पहिल्या दिवसापासूनची, कटरपेक्षा तिचा आवाज मोठा. सिद्धी दिवाळीला आली तेव्हा सुलूने तिला धरलं.

"म्हंजे जगाचो भूगोल काय गो?"

"भूगोल नाय गो सुलूकाकी. जगातली माणसा एकमेकांक कशी बांधलेली आसत, ता."

"तेच्यासाठी पुण्याक कित्या जावक व्हया? आमच्या वाडीत कोण कोणाक कसा बांधलेला आसा, ता मी फुकट सांगलंय असतंय."

सगळ्या शेडला हसू आलं. सिद्धीलाही आलं. मी हसले नाही, कारण मला मनातून तोच प्रश्न पडला होता.

हळूहळू अटी कळत गेल्या. एक परकी भाषा शिकायची, आणि पास होण्यापुरती शिकून भागायचं नाही. त्या भाषेत माणसाशी वाद घालता आला पाहिजे. जगाचा एक भाग निवडायचा आणि त्याचा इतिहास, व्यापार, राजकारण असं सगळं खणत जायचं. माहिती कशी मिळवायची, कुणाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, यावर अख्खा पेपर. मग एक सत्र परदेशात, नाहीतर त्याऐवजी एक पूर्ण हंगाम क्षेत्रकाम. परदेशाचा पर्याय आमच्या घरासाठी नव्हता. त्यावर चर्चा करण्यात कुणी वेळ घालवला नाही.

तिने भाषा घेतली फ्रेंच. मी विचारलं, का? तर म्हणाली, "आपल्या पायपुसण्यार काय लिवलेला आसा ता माका वाचूचा आसा."

हे खरं होतं. पावसाळ्यात आमच्याकडची बी संपते. तेव्हा फोडायला जी बी येते ती जहाजातून, आफ्रिकेतून. बेनिन, आयव्हरी कोस्ट, कधी टांझानिया. गोणपाटाच्या पोत्यांवर निळ्या-हिरव्या शाईत परकी अक्षरं. पोती रिकामी झाली की आमच्या गावात ती सगळीकडे पसरतात. दारात पायपुसणं, गोठ्यात अंथरूण, भात वाळवायला खाली. सिद्धी लहान असताना शेडमध्ये त्या पोत्यांवर झोपायची आणि उठली की गालावर विणीची नक्षी उठलेली असायची. अक्षरओळख झाल्यावर पोत्यावरची अक्षरं लावायचा प्रयत्न करायची, जमायचं नाही, रागवायची. पदव्या कुठून सुरू होतात हे विद्यापीठांना माहीत नसतं. हिची गोणपाटावर सुरू झाली.

तर शेवटच्या वर्षी, बोंडू पिवळे-तांबडे व्हायला लागले तेव्हा, ती क्षेत्रकामासाठी घरी आली. विषय ठरला होता: कोकणातली बी आणि आफ्रिकेतली बी एकाच शेडमध्ये फुटते, त्याचं गावावर काय होतं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी मान्यता देताना एक बजावलं होतं. शेड आईची आहे हे प्रबंधात पहिल्या पानावर सांगायचं आणि प्रश्न विचारताना आईला सोडायचं नाही.

सोडलं नाही. घरी आम्ही मालवणीच बोलतो, पण रेकॉर्डर चालू झाला की तिची भाषा पुण्याला जायची. पहिल्याच दिवशी मी ओल्या काजूगरांची सालं काढत स्वयंपाकघरात बसले होते, तर ही समोर पाट घेऊन बसली.

"आई, मला तुझी संमती हवी."

"कसली गो?"

"प्रश्न विचारण्याची. उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणण्याचा तुला पूर्ण हक्क आहे."

"सकाळपासून इचारतंस, तेवा खंय गेल्लो ह्यो हक्क?"

"ते मुलगी म्हणून विचारत होते."

"मगे मुलगी म्हणान इचारताना पण दी माका तो हक्क."

तिने रेकॉर्डर बंद केला, हसून घेतलं, परत चालू केला. मग विचारलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. हंगामात गावातली बी विकत घेताना, माझ्या गोदामात आफ्रिकेची बी पडून असल्याचा मला उपयोग होतो का?

मी म्हटलं, होतो. गोदाम भरलेलं असलं की मला घाई नसते. घाई नसली की दर मी ठरवते. धंद्यात ही साधी गोष्ट आहे, लपवण्यासारखी नाही आणि मिरवण्यासारखीही नाही. तिने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मी गर सोलत राहिले. संध्याकाळी उसळ झाली, तिने दोनदा वाढून घेतली, आणि त्या उत्तराचं पुढे काय होणार याचा मी विचारही केला नाही.

पूर्ण हंगाम ती वाडी-वाडी फिरली. बोंडू पिळून बी वेगळी करणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलली, पिंगुळीच्या बाजूच्या व्यापाऱ्यांकडे जाऊन बसली, शेडमध्ये बायकांच्या पाठीमागे उभी राहून टिपत राहिली. उन्हाने काळी झाली. चैत्रातल्या दुपारी शेडच्या पत्र्याखाली वाफेचा, टरफलाच्या तेलाचा आणि घामाचा असा काही वास कोंडतो की नवीन माणूस बाहेर पळतो. ती नवीन नव्हती. प्रबंध तयार झाला. राहिली शेवटची अट.

ही अट मला तिच्या सगळ्या पदवीत सर्वांत जास्त आवडलेली. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यासमोर आपलं लिहिणं मांडायचं, त्यांनी आक्षेप घ्यायचे आणि त्या आक्षेपांना तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. मार्गदर्शकाने समोर बसून ते ऐकायचं आणि तशी नोंद करायची. आक्षेपच आले नाहीत तर मांडणी झाली असं धरायचं नाही. मॅडम एकदाच येऊ शकणार होत्या, कारण नंतर त्या वर्षभरासाठी बाहेरगावी जाणार होत्या. अट राहिली तर पदवी पुढच्या वर्षावर. हंगाम हुकला की बी पुढच्या हंगामालाच, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मॅडम शनिवारी कुडाळ स्टेशनवर उतरल्या. चाळिशीच्या, सुती साडी, पाठीला सॅक. रात्री आमच्याकडे जेवल्या, सोलकढी तीन वाट्या प्यायल्या. रविवारी सकाळी रवळनाथाच्या देवळात सभामंडपात सगळे जमले. देवळातच का, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे गाव जमायचं म्हणजे देवळातच जमतं. तिथे पंखे आहेत, थंड फरशी आहे, आणि चपला बाहेर ठेवायला जागा आहे.

आणि देवळात जमलं की गाऱ्हाणं आलंच. देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने मागणं मागायचं, त्याला आम्ही गाऱ्हाणं घालणं म्हणतो. तो मान आमच्या गावात दाजींचा. दाजी सत्तरीचे आहेत पण आवाज गाभाऱ्यातून रस्त्यापर्यंत जातो. त्यांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या आमच्या गावचा चेडू पुण्याक जावन शिकान इला आसा, म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सगळा मंडप.

"तेच्या परीक्षेत जा काय आडवा-तिडवा येत आसात ता दूर कर, म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"आणि तेका पदवी दी, म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

मॅडमना फार आवडलं. त्यांनी फोनवर घेतलंसुद्धा. मग सिद्धी उभी राहिली. लोकांना समजावं म्हणून तिने सगळं मालवणीत तयार केलं होतं, आणि वाक्यं लहान-लहान केली होती. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, लोकांकडे बघायचं, मग दुसरं. पुण्याला तसं शिकवलेलं असणार.

"आमची बी आणि आफ्रिकेची बी एकाच शेडीत फुटता," ती म्हणाली आणि थांबली.

"होय म्हाराजा," मागून कुणीतरी म्हणालं.

थोडं हसू फुटलं. तिने पुढचं वाक्य घेतलं. त्यावर चार-पाच जण म्हणाले. तिसऱ्या वाक्याला सगळा मंडप. ही थट्टा नव्हती हे मी शपथेवर सांगते. त्या फरशीवर, त्या देवासमोर, कुणी उभं राहून मोठ्याने बोललं आणि थांबलं की ती थांबलेली जागा आम्ही भरतो. आजोबा-पणजोबांपासून भरत आलो. सिद्धी जितकी नीट थांबत होती तितकं उत्तर नीट येत होतं. बीचा दर पडतो, होय म्हाराजा. पावसात काम मिळतं, होय म्हाराजा. पाचव्या-सहाव्या वाक्याला मीही म्हटलं. तोंडातून गेलं, काय करणार.

तिच्या कपाळावर घाम आला. "ह्यातला काय पटला नाय तर सांगा," ती म्हणाली, जवळजवळ विनवणीच्या सुरात.

"होय म्हाराजा."

मॅडम आधी हसत होत्या, मग त्यांचं हसू गेलं. शेवटी त्यांनीच उठून विचारलं, "सगळ्यांना सगळं पटलं? कुणाचाच काही आक्षेप नाही?"

दाजींनी गावाच्या वतीने उत्तर दिलं. "पटलाच. देवासमोर नाय कोण म्हणतलो, बाई?"

लोक प्रसाद घेऊन घरी गेले, जाता जाता सिद्धीच्या पाठीवर थाप मारून. त्यांच्या मते पदवी मिळाल्यातच जमा होती. मॅडम आमच्या ओट्यावर बसून तिला हळू आवाजात म्हणाल्या, "सिद्धी, हे मला नोंदवता येणार नाही. एका सुरात होकार म्हणजे चर्चा नव्हे. मी उद्या दुपारच्या गाडीने निघते आहे." चांगली बाई. तिलाही वाईट वाटत होतं. पण खोटं लिहायला तयार नव्हती, आणि मला ते पटलं.

मी मुलीची समजूत वगैरे काढली नाही. ते मला जमत नाही. जेवायला वाढलं. ती भातावर कालवण ओतून नुसती बोटं फिरवत बसली. हे म्हणाले, मी उद्या शाळेतल्या दोघा-चौघांना बोलावतो, प्रश्न विचारायला सांगतो. ती म्हणाली, "नको पपा. शिकवलेले प्रश्न मॅडमना कळतले." तिने भात कालवायला घेतला. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"आई, उद्या शेड चालू आसा मां?"

"सोमवार आसा. चालूच."

"माका एक कटर रिकामो ठेव."

मला काही कळलं नाही, पण ठेवला. हात धुऊन उठताना तिने भात संपवलेला होता, तेवढं मी बघून घेतलं.

आमच्या शेडमध्ये बोलण्याची एक रीत आहे, जी मीही तोपर्यंत कधी शब्दांत मांडली नव्हती. फोडणाऱ्या बायका रांगेत बसतात. पायाने कटर दाबायचा, हाताने बी धरायची, टरफल फुटलं की अख्खा गर बाहेर काढायचा. जरा नजर हलली तर गराचा तुकडा होतो, नाहीतर बोट जातं. त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे बीवर. आणि डोळे बीवर असले की माणूस कुणालाही काहीही बोलू शकतो. सासूबद्दल, सरपंचाबद्दल, मालकिणीबद्दलही. एकीने काही म्हटलं की दुसरी ते खोडणार, तिसरी दोघींना. दिवसभर हेच. मला ती नुसती कटकट वाटायची.

सोमवारी सिद्धी त्या रांगेत जाऊन बसली. टरफलाचा चीक लागू नये म्हणून बोटांना खोबरेल चोपडलं, टोपलीतली बी उचलली. मॅडमना कोपऱ्यात बेनिनच्या भरल्या पोत्यावर बसवलं होतं. मी निवडणीच्या टेबलाशी. तिने काही मांडणी वगैरे केली नाही. दोन-चार बिया फोडल्या आणि खाली बघतच म्हणाली,

"आफ्रिकेची बी येता म्हणान आमच्या बीचो दर पडता, असा मी लिवलंय."

"खोटा लिवलंस," सुलू म्हणाली. कटर थांबवलासुद्धा नाही.

मॅडमनी मान वर केली.

"कित्या खोटा?"

"मिरगानंतर तुमची बी खंय आसता गो? तेवा हंय बसान काय फोडू, धोंडे? ती आफ्रिकेची बी येता म्हणान पावसात माझी चूल पेटता."

सुलूच्या समोर पारू बसते. तिची स्वतःची काजूची झाडं आहेत वरच्या उतारावर. ती म्हणाली, "तुझी चूल पेटता आणि माझी बी घरात रवता. गेल्या हंगामात दराची वाट बघता बघता काळी पडली."

"मगे हंय कित्या बसतंस तीच बी फोडूक? उठ."

"मी उठलंय तर माझ्या वाटणीचा कोण फोडतला, तू? तुका तुझाच होणा नाय."

हशा झाला. सिद्धी हसण्यात थांबली नाही. "सुलूकाकी, तुझा बरोबर आसा पण पावसापुरता. पारूकाकी, तुझा बरोबर आसा पण आताच्या दिवसांपुरता. मी लिवताना एकच ओळ लिवलंय, ती चुकली. ती दोन ओळींची गोष्ट आसा. बी आफ्रिकेची आसा ह्यात कायच वायट नाय. थंय पण कोणीतरी बायच ती येचता. ती जूनमध्ये इली तर काम. एप्रिलात गोदामात पडान रवली तर गावच्या बीवर वजन. कधी येता, तेच्यार सगळा आसा."

"थंय येचणारीक काय गावता?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"पारूकाकीक गावता तितक्याच. तेंचो पण दर दुसराच कोण ठरयता." आणि तिने त्या लोकांचं फ्रेंचमधून वाचलेलं सांगितलं, त्यांच्या बीला शेड नाही, बी तशीच जहाजात चढते, फोडायचं काम आपल्याकडे येतं. हे ऐकताना सुलूने दोन बिया फोडल्या.

"एप्रिलात गोदामात पडान रवता म्हणतंस," सुलू म्हणाली. "गोदाम कोणाचा, ता पण सांग. नाव घे. आवशीचा नाव घेवक जीभ वळणा नाय काय?"

कटर एकामागोमाग एक थांबत गेले. वरचा पंखा तेवढा फिरत होता. माझ्या हातातले गर हातातच राहिले. या बायकांना काम मी देते, आणि त्या माझ्या शेडमध्ये बसून माझ्या मुलीला माझं नाव घ्यायला सांगत होत्या. तिने टाळलं असतं तर कुणीही तिला दोष दिला नसता. मॅडमनीही दिला नसता असं मला वाटतं.

सिद्धीचे डोळे बीवर होते. तिने पाय दाबला, बी फुटली, गर अख्खा बाहेर आला, तो तिने डब्यात टाकला.

"माझ्या आवशीचा," ती म्हणाली. "तिच्या गोदामात आफ्रिकेची बी भरलेली आसता म्हणान ती गावची बी घेवक घाई करणा नाय. दर तीच ठरयता. पयल्या पानार शेड आवशीची म्हणान लिवलंय, पण दराच्या ओळीत नुसता 'एक शेडमालकीण' असा लिवलंय. पण ती हीच. तिना माका स्वताच सांगल्यान, ताही लिवलंय."

आवाज चढला नाही, पडला नाही. बाजारभाव सांगावा तसा सांगितला.

सगळ्यांनी पहिल्यांदा बीवरून नजर उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी हातातले गर टेबलावर ठेवले. "माझो पण आक्षेप आसा," मी म्हटलं. "साठो नसलो तर पावसात शेड बंद. जहाजाचो भरवसो नसता. ता लिवलंस?"

"लिवलंय. तेच्या म्होरल्याच ओळीत."

"मगे साठो मेच्या अखेरीक मागवलो तर चलात काय, ता माका इचारलंस?"

"नाय इचारलंय. ता ऱ्हवला." तिने आता माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता इचारतंय. चलात काय?"

मी विचार केला. खरोखर केला. "बघतंय," मी म्हटलं.

"'बघतंय' म्हंजे नाय," सुलू म्हणाली.

"'बघतंय' म्हंजे बघतंय. तू बी फोड."

कटर पुन्हा सुरू झाले, आणि त्याबरोबर सगळ्यांची तोंडं. वाद दुपारच्या जेवणापर्यंत चालला. निघायची वेळ झाली तेव्हा मॅडम पोत्यावरून उठल्या, साडीला लागलेले गोणपाटाचे धागे झटकले आणि सिद्धीला म्हणाल्या, "तुझी अट पूर्ण झाली. माझ्या स्वतःच्या वेळी माझ्यावर इतके आक्षेप कुणी घेतले नव्हते." मग माझ्याकडे वळून नुसते हात जोडले. मी त्यांना गाडीत खायला काजूगर बांधून दिले. अख्खे, निवडलेले.

अभिमान हा शब्द मी सहसा वापरत नाही. शाळेच्या गॅदरिंगला तो स्वस्तात वाटतात. पण त्या दुपारी मला वाटलं ते दुसरं काही नव्हतं. निकाल नंतर लागला, पदवीदानाला आम्ही पुण्याला गेलो, काळा झगा घातलेला तिचा फोटो ह्यांनी दर्शनी भिंतीवर लावला. मला तो फोटो ठीक वाटतो. माझ्या डोळ्यासमोर येते ती दुसरी सिद्धी: ओळीत बसलेली, तेलकट बोटांची, आईचं नाव घेताना हात न हललेली. त्या सगळ्या वेळात तिच्या डब्यात एकही तुकडा पडला नव्हता. निवडणीच्या टेबलावरून हे दिसतं.

प्रबंधाची एक प्रत शेडच्या ऑफिसात आहे. कव्हरवर कुणाचं तरी तेलाचं बोट उठलेलं आहे. शेवटच्या पानावर आक्षेप घेणाऱ्यांची नावं छापली आहेत, कारण सुलूने अडून सांगितलं, "भांडलंय मी, तर नाव माझा व्हया." बाकीच्याही मग मागे हटल्या नाहीत. माझंही आहे, शेवटी.

यंदा गोदाम अजून रिकामं आहे. गावची बी येते तशी घेते आहे. पारू पहिल्या आठवड्यातच आली, पोतं काट्यावर टाकलं, दराला नाक मुरडलं आणि विकून गेली. सिद्धीच्या प्रबंधामुळे मालकिणीने साठा उशिरा मागवला, असं सुलू गावभर सांगते. जहाज उशिरा आहे, असं मी सांगते.

पुण्यात दीड-पावणेदोन वर्षं नोकरी करून सिद्धी आता बेनिनला निघाली आहे. तिथे नव्याने काजू फोडायच्या शेड सुरू होतायत, त्यात काम करणाऱ्या बायकांबरोबर तिचं काम असणार आहे. जी बी कच्चीच जहाजात चढून आमच्याकडे यायची ती उद्या तिथेच फुटायला लागली तर माझ्या शेडचं काय, हा प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, चांगला आक्षेप आहे, तिथे पोचले की विचार करते. मीच शिकवलेलं उत्तर मला परत मिळालं.

जायच्या आधी देवळात जाणं आलंच. परवा सकाळी गेलो. सुलू, पारू, वाडीतली बरीच माणसं. दाजींनी नारळ घेतला, घसा साफ केला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या चेडू समुद्रापलीकडे जाता, म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"थंय तेका सांभाळ, आणि लवकर परत आणान आवशीच्या पदरात घाल, म्हाराजा..."

लोकांनी तोंड उघडलंच होतं. माझ्या तोंडून वेगळं निघालं. "थांबा दाजी. माझो आक्षेप आसा."

आमच्या देवळात गाऱ्हाणं कुणी मध्ये तोडत नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. फक्त सुलूने पदर तोंडावर घेतला.

दाजी नारळ तसाच धरून वळले. "देवासमोर नाय म्हणतंस?"

"देवाक खंय म्हटलंय? तुमका म्हटलंय. सांभाळ म्हणा, ता बरोबर आसा. परत येवचा काय नाय, कधी येवचा, ता तेचा ता ठरयतला. तितक्या गाऱ्हाण्यातून काढा."

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग गाभाऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सिद्धीने मान वर केली नाही. तिचे डोळे खाली होते, हातात बी असावी तसे.

"बा देवा म्हाराजा," दाजींनी पहिल्यापासून सुरुवात केली, "ह्या चेडू जंय जायत, जितके दिस रवात, थंय तेका सुखरूप ठेव, म्हाराजा..."

"होय म्हाराजा," आम्ही म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.